साहेब, एकदा पुळणीची एम.बी. दाखवा

प्रति,
कोकण किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारे सुचवणारे, मंजूर करणारे आणि नारळ फोडून त्यांचं उद्घाटन करणारे सर्व साहेब,

स.न.वि.वि.

मी पुण्यात धायरीला राहतो आणि बिलिंग इंजिनियर आहे, म्हणजे साईटवर किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आलं, किती लागलं, किती वाया गेलं हे दिवसभर एम.बी.त, म्हणजे मेजरमेंट बुकात, लिहायचं आणि महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्टरशी भांडायचं. वाळू हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे असं म्हणा ना. आणि माझं आजोळ दापोली साईडला, समुद्राला लागून. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण लिहिलं की लगेच कोणाचं सरकार होतं नि कोणी मंजूर केलं यावरच सगळे घसरणार आणि वाळू बाजूलाच राहणार.

मागच्या गणपतीची गोष्ट सांगतो, मग मुद्द्यावर येतो. मामाकडे पाच दिवसांचा, गौरींबरोबर जातो. पूर्वी विसर्जन म्हणजे वाडीतून निघायचं, सुरूच्या बनातून बाहेर पडलं की समोर पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, अनवाणी सरळ चालत जायचं, गुडघाभर पाण्यात पाट टेकवायचा, शेवटचं गाऱ्हाणं, झालं. आता सुरूचं बन संपतं तिथेच बंधारा. एकेक काळा दगड असा की दोन माणसांना हलत नाही, त्यावर शेवाळ, आणि भरतीला पाणी थेट दगडाला. म्हणून आम्ही दोन मावसभाऊ आधी खाली उतरून उभे राहिलो, वर मामा मूर्ती डोक्यावर घेऊन, मध्ये एक फळी टाकलेली (घरातलं जुनं दार होतं खरं तर ते), आणि मूर्ती हातोहात खाली द्यायची असं ठरलं. तिसऱ्या दगडावर मामाचा पाय सरकला. मामा वाचला, मूर्तीचा उजवा हात दगडावर आपटून तुटला, तोच आशीर्वादाचा. कोणी काही बोललं नाही. मामी म्हणाली, त्याला कळतं सगळं, चला. पण मामा त्या रात्री जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, मेल्या, पुण्यात बसून लोकांची वाळू मोजतोस, आपली कुठे गेली ते मोज की एकदा.

तर साहेब, तेव्हापासून मोजतोय.

आधी एक कबुली देऊन टाकतो म्हणजे कमेंटमध्ये कोणी तोंडावर मारायला नको. बंधारा आम्हीच मागितला होता. त्या निवेदनावर मामाची सही आहे. माड पडायला लागले होते, विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं होतं, कुंपण तीनदा मागे घेऊन झालं होतं, आणि त्या वेळी जो कोणी येईल त्याला लोक म्हणायचे, काहीही करा पण समुद्र थांबवा. तुम्ही दगड आणले. दगडामागचे माड आजही उभे आहेत, ते नाकारत नाही. पण दगडापुढची पुळण गेली. लहानपणी जिथे टेनिस बॉलच्या दोन मॅचेस शेजारी शेजारी चालायच्या आणि तरी मध्ये रापण ओढणाऱ्यांना जागा उरायची, तिथे आता ओहोटीला कशीबशी दहा पावलं ओली वाळू उघडी पडते. रापण तर बंदच, जाळं ओढून आणायचं कुठे? पोरांचा बॉल दगडांच्या फटीत गेला की गेला, तिथे खेकडे आणि बिसलेरीच्या बाटल्या.

हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या सॅटेलाइट फोटोंवरून काढलेला हिशेब आहे, देशाच्या मुख्य किनाऱ्यापैकी साधारण ३३ टक्के किनारा झिजतोय, महाराष्ट्राचा साधारण पाव. पाव म्हणजे कमी वाटतं, पण ज्याची वाडी त्या पावात आहे त्याला शंभर टक्केच ना.

आता बंधाऱ्याने पुळण कशी जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पण पत्र खुलं आहे म्हणून बाकीच्यांसाठी लिहितो. पावसाळ्यात मोठ्या लाटा येतात, त्या पुळणीवरची आणि मागच्या टेकाडांची वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. मग पुढच्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात, किनाऱ्यापर्यंत येईस्तोवर त्यांच्यात जोर राहत नाही. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की छोट्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणजे मागचं वाळूचं टेकाड ही किनाऱ्याची एफडी आहे, अडचणीला मोडायची, नंतर परत भरायची. बंधारा काय करतो, तर ती एफडी दगडामागे लॉक करतो. समुद्राला लागते तेव्हा वाळू मिळत नाही, मग तो दगडाच्या पायथ्याची उकरतो, लाट दगडावर आपटून तशीच जोरात मागे फिरते आणि जाताना आणखी वाळू घेऊन जाते, पायथा खचतो, दगड खाली बसतात, दोन वर्षांनी दुरुस्तीचं एस्टिमेट निघतं आणि परत डंपर येतात. बंधारा जिथे संपतो त्या टोकाला शेजाऱ्याची वाडी आणखी वेगाने खाल्ली जाते ते वेगळंच, मग शेजारी निवेदन देतो, मग बंधारा वाढतो. हे चक्र रत्नागिरीजवळ मिऱ्याला जाऊन कोणीही बघावं, किती वर्षांचे दगड, त्यावर टेट्रापॉड (काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे), आणि २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात ते बसरा स्टार जहाज येऊन त्याच किनाऱ्यावर बसलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ते फोटो बघितले पण जहाज सोडून मागचे दगड कोणी बघितले नाहीत.

मग दुसरा उपाय काय? तर जी वाळू गेली ती परत आणून टाकायची. ऐकायला वेडेपणा वाटतो, मला पण वाटला होता. समुद्रात वाळू टाकायची म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. पण जगात हे शंभर वर्षं चाललंय. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९२२-२३ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं. हॉलंडने १९९० मध्ये सरळ धोरणच ठरवलं की आजची किनाऱ्याची रेघ आहे ती मागे जाऊ द्यायची नाही आणि ती मुख्यतः वाळूनेच टिकवायची, दगडाने नाही, दरवर्षी साधारण सव्वा कोटी घनमीटर वाळू ते समुद्राच्या तळातून उचलून किनाऱ्याला देतात. २०११ मध्ये तर हेगच्या दक्षिणेला त्यांनी एकाच जागी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा ढीग घातला, आपल्या भाषेत साधारण ७६ लाख ब्रास, आणि सांगितलं आता वारा, लाटा आणि प्रवाह हिला आजूबाजूला वाटतील, आपण दर चार वर्षांनी ड्रेजर (तळातली वाळू उपसणारं जहाज) घेऊन जायला नको. त्याला नाव दिलं वाळूची मोटर. ७६ लाख ब्रास हा आकडा वाचला तेव्हा मी साईट ऑफिसमध्ये चहा पीत होतो आणि खरंच कप खाली ठेवला. आमचं गाडं चाळीस ब्रासच्या चलनावरून अडतं.

तुम्ही म्हणाल हॉलंडचं काय सांगतोस, ते श्रीमंत. बरं, मग विशाखापट्टणम. तिथल्या बंदराची भिंत किनाऱ्याने सरकणारी वाळू अडवते, म्हणून तिथे वाळूसाठी खड्डा ठेवलाय, त्यात साठलेली वाळू ड्रेजरने काढून पलीकडे आर.के. बीचच्या बाजूला सोडतात, आणि हे कित्येक वर्षं चालू आहे. पुदुच्चेरीला ऐंशीच्या दशकात बंदराच्या भिंती झाल्या आणि शहरापुढची वाळूच गेली, पर्यटक वर्षानुवर्षं दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून फोटो काढत होते, मग चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०१८ च्या आसपास पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा स्टीलचा रीफ, म्हणजे लाटा अडवणारा बांध, बसवला, बंदरातली उपसलेली वाळू दिली, आणि पुळण परत आली. पूर्ण नाही, आणि उत्तरेकडच्या मच्छीमार गावांचा त्रास मिटला असंही नाही, पण जिथे दगड होते तिथे पोरं वाळूत खेळायला लागली. हे आपल्याच देशात झालंय.

आता मी बिलिंगवाला, त्यामुळे रेट आणि क्वांटिटी काढल्याशिवाय मला झोप येत नाही. समजा एक किलोमीटर किनारा आणि पुळण तीस मीटरने रुंद करायची. लोकांना वाटतं तीस मीटर रुंद आणि वर दोन मीटर जाड वाळू पसरली की काम झालं. तसं नसतं. किनाऱ्याचा उतार पाण्याखाली पाच-सहा मीटर खोलीपर्यंत सलग असतो, वरचा भाग पुढे सरकवायचा तर खालचा पण तेवढाच पुढे सरकवावा लागतो. म्हणजे उंची धरायची साधारण आठ मीटर. १००० गुणिले ३० गुणिले ८, झाले २ लाख ४० हजार घनमीटर, जवळपास ८५ हजार ब्रास. पाच ब्रासचा डंपर धरला तर १७ हजार ट्रिपा, म्हणून हे काम डंपरचं नाहीच, ड्रेजर आणि पाइपलाइनचं आहे, पाण्यात कालवलेली वाळू पाइपातून किनाऱ्यावर सोडायची आणि बुलडोझरने सारखी करायची. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक किनाऱ्याचा उतार वेगळा, पण निदान किती शून्यं लागतात ते कळतं.

यातच एक गंमत आहे जी आधी सांगितली नाही तर सगळी योजना बदनाम होते. टाकलेली वाळू पहिल्या पावसाळ्यात बरीचशी दिसेनाशी होते. लगेच पेपरात हेडिंग, कोट्यवधींची वाळू समुद्राने गिळली. पण ती गेलेली नसते, ती पाण्याखालच्या उतारावर जाऊन बसलेली असते आणि तिथे लाटा फोडण्याचं काम करत असते, डिझाइनमध्ये ते धरलेलंच असतं. हे गावच्या ग्रामसभेत आधी, मराठीत, फळ्यावर चित्र काढून सांगायला लागेल. नाहीतर आम्हीच परत दगड मागू, आम्हाला ओळखता ना तुम्ही.

आणि हो, पाच-सात वर्षांनी परत टाकायला लागते. मग? आमच्या सिंहगड रोडचं डांबर दर पावसाळ्यानंतर परत टाकतात, त्याला कोणी पैसे पाण्यात गेले म्हणत नाही (म्हणतो खरं तर, पण टाकतात). बंधाऱ्याला दुरुस्ती लागते तिला मेंटेनन्स म्हणायचं आणि वाळूच्या दुरुस्तीला नुकसान म्हणायचं, हा कुठला न्याय.

सगळ्यात महत्त्वाचं, कुठलीही वाळू चालत नाही. इथे मी थोडा शहाणपणा करतो कारण चाळण हा माझा विषय आहे. नवी वाळू जुन्या वाळूएवढी जाड किंवा किंचित जास्त जाड पाहिजे, बारीक टाकली तर पहिल्या उधाणाला पाण्यात मिसळून निघून जाते, चिखलमिश्रित टाकली तर पाणी गढूळ, शिंपले-तिसऱ्या गुदमरून मरतात. विसर्जनानंतर मी गावच्या पुळणीवरची एक लिटरच्या बाटलीत मावेल एवढी वाळू पुण्याला आणली (सीआरझेडवाल्यांनी, म्हणजे किनारा नियमनाचे कायदे सांभाळणाऱ्यांनी, माफ करावं, एवढीच आणली), साईटच्या लॅबमध्ये वाळवून चाळणीच्या सेटवर लावली. काँक्रीटच्या वाळूच्या हिशेबाने ती अगदीच फेल, ६०० मायक्रॉनच्या चाळणीवर जवळजवळ काही राहिलंच नाही, बरीचशी ३०० च्या पण खाली गेली, आणि वर राहिले ते शिंपल्यांचे तुकडे. लॅबवाला म्हणाला सर, हे कुठल्या प्लॉटचं मटेरियल, रिजेक्ट मारू का? म्हटलं नको रे, हे आमच्या गावचं आहे. पण तोच रिपोर्ट पुळणीसाठी कामाचा आहे, कारण त्यावरूनच ठरतं की कुठली वाळू आणायची.

ती आणायची कुठून हा खरा प्रश्न. खाडीतून सक्शन पंपाने रातोरात वाळू काढतात ते तुम्हाला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, हातपाटीच्या (हाताने वाळू काढायच्या) परवान्यावर पंप चालतो हे शाळेतल्या पोरांना पण माहीत आहे. कोकणातल्या नद्या आखूड, दोन्हीकडे डोंगराची सोंड आणि मध्ये छोटी पुळण, तिचा शेजारणीशी फारसा व्यवहार नाही, म्हणजे प्रत्येक पुळणीचं सेपरेट खातं. त्यात खाडीतून येणारी जमा आधीच थोडी, ती आम्ही वरच्या वर काढून विकतो आणि मग खातं रिकामं झालं म्हणून दगड लावतो. आणि विकून तरी काय, खारट वाळू नीट न धुता काँक्रीटमध्ये गेली की सळईला गंज. पुण्यात आता आमच्या साईटवर जवळजवळ सगळी क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) असते, इमारती काही पडल्या नाहीत त्याने.

दुसरीकडे बंदरांच्या आणि जेट्टींच्या तोंडाशी साठलेली वाळू आपण सरकारी खर्चाने उपसतो, कारण होड्या रुतायला नकोत. ती कुठे जाते? लांब समुद्रात नेऊन टाकतात नाहीतर लिलाव. साहेब, २०१७ मध्ये आपल्याच राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना काढली, धरणातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा, दोन्हीकडचं काम एकाच फेरीत. अगदी तेच इथे का नाही? उपसा होईल तिथे नमुना घ्या, चिखल असेल तर सोडून द्या, पण वाळू असेल आणि शेजारच्या झिजलेल्या पुळणीला जुळत असेल तर ती तिथेच गेली पाहिजे. ड्रेजर आधीच आलेला आहे, भाडं आधीच लागलंय, फक्त पाइपचं तोंड फिरवायचंय.

अडचणी आहेत. जून ते सप्टेंबर ड्रेजर उभा राहू शकत नाही. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळास-आंजर्ल्याचं नाव त्याच्यावरच झालंय, आणि पिल्लं मेपर्यंत निघत असतात, तेव्हा वर वाळू ओतणं म्हणजे घरटी गाडणं. म्हणजे कासवांच्या किनाऱ्यावर हाताशी राहतो जेमतेम ऑक्टोबर, आणि आपल्याकडे टेंडर ऑक्टोबरला उघडलं तर वर्क ऑर्डर मार्चला निघते, हे मी नऊ वर्षं बघतोय. म्हणून सुरुवात जिथे कासवं येत नाहीत आणि उपसा आधीच ठरलेला आहे अशा एखाद्या जागेपासून करा. एकच. आणि वाळू टाकली की तिच्यावर मर्यादवेल लावा. त्या जांभळ्या फुलांच्या वेलीला आपल्या लोकांनी नावच मर्यादवेल दिलंय, ती वाळू धरून ठेवते, आणि तीच उपटून आम्ही तिथे लॉन लावतो कारण पुण्याच्या गिऱ्हाईकाला सी-टच रूममधून समुद्र दिसायला हवा असतो. त्यात आमचीच मंडळी थार घेऊन पुळणीवर उतरतात, रुततात आणि मग गावातल्या ट्रॅक्टरला फोन करतात. त्यांना वेगळं पत्र लिहीन, त्यात भाषा अशी नसेल.

माझं मागणं तसं छोटं आहे. सरकारी कामात मेजरमेंट बुकात नोंद असल्याशिवाय एक रुपया सुटत नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग कुठल्याही पुळणीवर पुढचा बंधारा मंजूर करण्याआधी त्या पुळणीची एम.बी. लोकांसमोर मांडा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, निदान तीन वर्षं, किनाऱ्याचा आडवा छेद, पाण्याखालचा पण. खाडीतून किती येतंय, पंपाने किती जातंय, बंदराच्या तोंडाशी किती साठतंय. जमा एका बाजूला, खर्च एका बाजूला. त्यावर दगडच योग्य ठरला, समजा मागे रस्ता आहे, वस्ती आहे, वेळच उरली नाही, तर लावा दगड, मीच मामाची सही आणून देतो. पण हिशेब न मांडता दगड नको.

आणि माणसं कुठून आणू असं म्हणू नका. माझ्या घरापासून खडकवासला किती लांब आहे, तिथे १९१६ मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभं आहे, देशातल्या बंदरांची आणि किनाऱ्यांची मॉडेल्स तिथे होतात. कॉलेजात असताना आमची व्हिजिट गेली होती, मोठ्या शेडमध्ये सिमेंटमध्ये केलेला अख्खा किनारा, एका टोकाला लाटा सोडणारं मशीन, आणि घोट्याएवढ्या पाण्यात बंदराची भिंत. समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, घाटाच्या वर, आम्ही पोरं त्या खोट्या लाटा बघत उभे होतो आणि आमचा एक मित्र चप्पल काढून आत उतरायला निघाला, त्याला सरांनी कॉलरला धरून मागे ओढला. सांगायचं काय, तर ज्ञान पुण्यात पडलंय आणि दगड कोकणात पडतायत.

मामाला सांगितलंय की पत्र लिहितोय. तो म्हणाला लिही, पण यंदा येताना साईटवरून एक चांगली सागवानी फळी आण, ते दार आता कुजलंय.

बाटलीतली वाळू अजून माझ्याकडे आहे, चाळणीचा रिपोर्ट पण आहे. तुमच्यापैकी कोणाला बघायचा असेल तर निरोप द्या, खडकवासल्याला कोणाच्या टेबलावर ठेवायची तेवढं सांगा, आणून देतो. फक्त रविवार सोडून, रविवारी सिंहगडला जाणाऱ्यांचं ट्रॅफिक असतं.

आपला,
एक बिलिंग इंजिनियर
धायरी, पुणे